तीन पाण्यांनी

मुकादमांची तहसीन आली ती हातोडी घेऊन,
एवढीशी, सोनाराच्या हातात शोभेल अशी.
गाड्यांमधून वाट काढत
खांबाखांबाला टकटक करत निघाली
आणि कान लावून ऐकू लागली,
फणस घेताना ऐकतात तसं.

टण म्हणजे ठीक.
भद्द म्हणजे आतून सुटलंय.
सातव्या खांबाशी थांबली.
भद्द.
वर, हात पुरेल तिथवर, भद्द.
शिरधनकरांनी आपली स्कूटर
काही न बोलता तिथून हलवली.

सदतीस वर्षांची आमची जलतरंग,
सात मजले, मांडवीच्या वाऱ्याकडे तोंड.
तुळईवरून गंजाचे ओघळ आले
ते आम्ही दर दिवाळीला रंगवले.
लिमयांनी भेगेवर टाइल लावली.
पाचशे दोनने गॅलरी खोलीत घेतली.
पुण्यातल्या नऊ मालकांना पत्रं गेली,
उत्तर एकाचं आलं: मे महिन्यात आलो की बघू.

सळई गंजते म्हणजे झिजते, असं मला वाटायचं.
ती फुगते, म्हणाली तहसीन.
दुप्पट, तिप्पट.
जागा मागते.

मग तिनं खांबाला भोक पाडलं,
बाटलीतलं औषध फवारलं.
गुलाबी होईल तिथे जीव आहे, म्हणाली.
आम्ही अकराजण उभे राहिलो
बाळंतिणीच्या दाराबाहेर उभं राहावं तसे.
आत, फार आत,
सदाफुलीच्या पाकळीएवढं गुलाबी उमटलं.
बाकी सगळं राखाडी.

भुकटी कोल्हापूरला गेली तपासायला.
तीन आठवड्यांनी जिन्यात बसून
तिनं मला एकटीला वाचून दाखवलं:
मीठ वाऱ्यानं आलं असतं
तर बाहेर जास्त, आत कमी असतं.
इथे आतही तेवढंच आहे, काकी.
हे नंतर आलेलं नाही.
कालवलेलं आहे.

पुढचं मला ऐकू आलं नाही.

माझा बाप, धाकू भाटकर,
काजळीच्या मुखाशी बुडी मारून रेती काढायचा.
घमेलं घेऊन खाली, श्वास कोंडून,
वर यायचा तेव्हा डोळे लालभडक.
गोडी रेती लांब, चांदेराईकडे.
भाट्याची जवळ. एका भरतीची मजुरी वाचायची.
चिमूटभर जिभेवर ठेवून
तो बिल्डरच्या माणसाला म्हणाला होता
(मी तिथंच होते, परकर भिजलेला)
"खारी हाय. तीन पाण्यांनी धुवून घेवा."
माणूस हसला. एप्रिलात विहिरीला पाणी कुठलं?
ओतली तशीच.
बापही मग दुसऱ्यांदा बोलला नाही.
पुढची खेप आणली, त्याच्या पुढची आणली.

इमारत उभी राहिली तेव्हा रेतीचे पैसे थकलेले.
त्याबदली मिळाली चारशे दोन:
दोन खोल्या, आणि समुद्राची खिडकी,
जिच्याकडे पाठ करून तो मरेपर्यंत जेवला.
आम्हाला वाटायचं, बघून बघून कंटाळला असेल.

परवा सभा झाली. टेकू ठरले,
लोखंडी, आठ.
घरामागे दोन लाख ऐंशी हजार.
आवाज चढले. कुणी म्हणालं, बिल्डर केव्हाच गेला,
आता भांडायचं कुणाशी?
कुणी म्हणालं, खारा वारा,
तो काय आपल्या हातात आहे?
सगळ्यांना ते पटलं, जरा हलकं वाटलं.

इतिवृत्त मी लिहिते.
कारण: खारा वारा, असं लिहिलं.
खोडलं.
रेती, असं लिहिलं
आणि त्यापुढे बराच वेळ पेन हलेना.

खाली तहसीन सातव्या खांबाभोवती
खडूनं रिंगण काढत होती.
पोरं विचारत होती, आत गेलं की आउट का?
हो, म्हणाली ती, आउट.

मी चेकबुक काढलं.
चारशे दोन, पहिला हप्ता.
सही करताना जिभेवर
चिमूटभर काहीतरी होतं.